उतारावरच्या शेडची खास बाब

१२ फेब्रुवारी, सोमवार
डायरी ह्यांची. बियाणाच्या दुकानात फुकट भेटली. हे काही लिहीत न्हाईत, बोलत बी न्हाईत, म्हणून मी घेतली. चौथी शिकलेय, तेवढं बस आहे. ग्रामसेवक अण्णासाहेब म्हणले, झुंबरबाई, सरकारी काम आहे, कोणत्या तारखेला कोण काय बोललं ते लिहून ठेवत जा. मी म्हणलं, लिहायची पाळीच येत न्हाई, महिन्यात शेड उभं करते. तरी लिहून राह्यले.

काम असं. आपला धंदा लग्नाची भांडी भाड्यानं द्यायचा. डेगी, कढया, पराती, ताटं, गाद्या. सगळं घरात. पुढच्या खोलीत डेगी. मधल्या खोलीत गाद्या. पोराच्या, हरिओमच्या खोलीत ताटाच्या थप्प्या. नातीसाठी पाळणा आणून टांगला, त्याच्यात झारे आणि पळ्या, कारण दुसरीकडं जागा न्हाई. पाळण्यात बसायची ती परतूरला. सून मोनाली बाळंतपणाला माहेरी गेली ती गेलीच. सव्वा महिन्यानं यायची, आता पाचवा लागला. हरिओमला विचारलं, का येईना? तर खाली बघून म्हणला, माय, घरात जागा न्हाई. बस, एवढंच. मला एवढ्यात कळतं.

मंग सोपं आहे. भांडी शेडात, नात पाळण्यात.

जागा आहे. घराच्या मागं उतार, थेट तलावापर्यंत. तलाव केला तवा सरकारनं सगळी जमीन घेतली, ही पट्टी तेवढी सोडली, कारण हिच्यावर शेळी बी उभी राहत न्हाई.

निश्चय : पाडव्याला शेडाचा नारळ फोडायचा. आणि कुणावर वरडायचं न्हाई. तशी मी वरडत न्हाईच. आवाज मोठा आहे, त्याला काय करायचं.

१३ फेब्रुवारी, सकाळी
मोनालीला व्हिडिओ कॉल केला. शेडाचं सांगितलं. "हं" म्हणली. आनंद झाला की ती असंच म्हणते. पोरीच्या डोक्यावर टोपडं नव्हतं. तेल नव्हतं. खिडकी उघडी. तिची आई मागं भाकरी थापत व्हती, त्या भाकरीचं बी जरा सांगितलं, कड जाड व्हती. फोन कट झाला. येवढं रेल्वेचं गाव परतूर आणि रेंज न्हाई.

१९ फेब्रुवारी
ग्रामपंचायतीत गेल्ते. अण्णासाहेब म्हणले, तलावाच्या हद्दीपासून अंतर सोडून बांधावं लागतं, तुमची पट्टी सगळी त्या अंतरातच आहे. आणि उतार इतका की कोणता इंजिनेर सही करायचा न्हाई. मी म्हणलं, तलावात पाणी कुठं आहे? मधी एक डबकं राह्यलंय, बाकी जागेवर पोरं क्रिकेट खेळतेत. ते म्हणले, पाणी नसलं तरी हद्द असते.

मी त्यांना काही बोलले न्हाई. फक्त एवढं म्हणलं की तुमच्या लग्नात भांडी आमची व्हती आणि एक झारा अजून आला न्हाई. कचेरीत पाच-सहा माणसं बसल्ती, ती उगाच हसली. अण्णासाहेबांनी जल्दी जल्दी पाटबंधाऱ्याच्या हापिसाचा पत्ता देला. माणसाशी नीट बोललं की कामं होतेत.

२७ फेब्रुवारी
पाटबंधाऱ्याच्या हापिसात. टेबलाशी एक पोरगी बसल्ती, शाळेतली वाटावी अशी. विचारलं, बाई, साहेब कधी येतेत? म्हणली, मीच. नाव चिन्मयी मॅडम. पण मी घाबरत न्हाई, खुर्ची ओढून बसले.

मॅडमनी नकाशा काढला. म्हणल्या, नियमात बसत नाही. तलावाला लागून आहे आणि उतार फार आहे. मी उठायच्या आत म्हणल्या, पण एक रस्ता आहे. खास बाब म्हणून अर्ज करता येतो.

खास बाब. पहिल्या दिवसापासून मला हेच वाटून राह्यल्तं, फक्त शब्द सापडत नव्हता.

मॅडम म्हणल्या, अर्जात अडचण लिहावी लागेल. मी म्हणलं, लिहा, सून येत न्हाई. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणल्या, "ताई, अडचण जागेची असावी लागते. मालकाची नाही." मी म्हणलं, दोन्हीत काय फरक आहे? त्यांनी समजावलं, म्हणजे दुसरी जमीन नाही, आहे ती खडकाची आहे, असं. मी म्हणलं, खडक आहे ना बराबर, पण खडकाचं काय, तो येऊन बसलाय, सून येऊन बसत न्हाई. शेवटी त्यांनीच खडक लिहिला.

पाहणीला येणार आहेत. खात्याचा हद्दीचा दगड शोधून ठेवा म्हणल्या. त्याच्यापासून मोजतेत. दगड शोधायला काय अक्कल लागती?

२९ फेब्रुवारी
दगड न्हाई. दोन दिवस उतार पालथा घातला. हरिओम एकदा घसरून खालपर्यंत गेला. त्याला म्हणलं, गेलास तसा खाली बघून ये. माझी मैतरीण बेबीनंदा तलावाच्या पलीकडच्या अंगाला राहते, पाणी आटल्यापासून मधूनच चालत येते. ती कमरेवर हात ठेवून म्हणली, झुंबर, दगड तुला घाबरून पळाला. हसले न्हाई.

हे लिंबाखाली बसून राह्यले. दगड शोधायचा सोडून आपल्या म्हसोबाकडं बघत बसले. मी म्हणलं, देवाकडं बघून दगड भेटतो का?

पण मंग वाटलं, भेटेल बी. म्हसोबाला नारळ बोलले. आपला म्हसोबा कडक आहे. आधी खाली उतारावर व्हता. गुडघे दुखायला लागले, अमावास्येला निवद घेऊन उतरायला जमेना. मंग माझ्या सपनात आला, म्हणला, झुंबर, मला वर ने. मी त्याला दोरीनं ओढून लिंबाखाली आणला. असा शेंदूर लावते की जाड साल झालीय. देव माझं ऐकतो.

८ मार्च, शिवरात्र
लिहावं की न्हाई.

सुट्टी असून मॅडम आल्या, दुसरा वार रिकामा नव्हता म्हणल्या. दगड न्हाई म्हणून सांगितलं. ऊन व्हतं, त्या लिंबाखाली टेकल्या. साबुदाणा देला, पाणी देलं. बसल्या बसल्या म्हसोबाकडं बघत राह्यल्या. म्हणल्या, ताई, तुमचा देव चौकोनी कसा? मी म्हणलं, देव आहे, त्याला कसं बी असता येतं. तेवढ्यात उन्हानं का कशानं शेंदराची एक साल सुटली आणि मॅडमच्या पायाशी पडली. खाली छिन्नीनं आकडे कोरलेले. खात्याचे.

मॅडमनी विचारलं, हा इथं कधीपासून? मी म्हणलं, पहिल्यापासून. तर हे, ज्यांनी शिवरात्रीपर्यंत तोंड उघडलं नव्हतं, ते म्हणले, "हिनंच आणला खालून. सपनात आल्ता."

मॅडमनी नकाशा काढला, दगडावर ठेवला, घराकडं बघितलं. म्हणल्या, या दगडाच्या हिशोबानं तलाव इथपर्यंत येतो. म्हणजे शेड सोडा, तुमचं घरच तलावात आहे. हसत व्हत्या. मला हसू आलं न्हाई. घर तलावात आणि तलावात क्रिकेट.

म्हणल्या, होता तिथं ठेवा, मी मोजायचं मिशन घेऊन परत येते.

संध्याकाळी ह्यांच्याशी बोलले. म्हणजे मीच बोलले. बऱ्याच गोष्टी राह्यल्या व्हत्या, लग्नापासूनच्या.

१० मार्च, अमावास्या
बेबीनंदा म्हणली, अमावास्येला देव हलवू नको. मी म्हणलं, हा आता देव न्हाई, सरकार आहे. तरी कान पकडले, निवद दाखवला, मंग दोरी बांधली.

कुठं ठेवायचा? व्हता तिथं कोणाला आठवतंय. मी डोकं चालवलं. दगड जितका खाली, तलाव तितका लांब, शेड तितकं सोपं. हरिओमला म्हणलं, खाली घे. अजून खाली. तो म्हणला, माय, इथं तलाव संपला, पुढं खेळपट्टी सुरू होती. मी म्हणलं, अजून थोडा.

हुशारी शिकवून येत न्हाई.

१२ मार्च
पोरांनी म्हसोबाला स्टंप केलंय. देवाला दोनदा बॉल लागला. खाली जाऊन पोरांना समजावलं. घरोघरच्या बाया दारात आल्या. एका पोरानं विचारलं, आजी, बोल्ड झाला की पाप लागतं का? त्याच्या आईला भेटणार आहे.

मोनालीला सांगितलं की शेड आता झाल्यात जमा आहे. पोरगी पालथी पडायला लागली म्हणे. पालथी पडल्यावर हात कसा काढायचा ते मी सांगून राह्यले व्हते, तर रेंज गेली.

१६ मार्च, शनवार
मॅडम मिशन घेऊन आल्या. तीन पायाचं, दुर्बीण असल्यासारखं. खाली स्टंपजवळ दगड बघितला आणि टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणल्या, ताई, दगड इथं असेल तर हा तलाव नाही, हौद आहे. मिशनला खरी जागा लगेच कळती म्हणे, दगड नुसता खुणेला असतो. मंग मला दोन दिवस कशाला शोधायला लावला?

खरी जागा निघाली उताराच्या मधोमध. तिथंच दगड उभा करून सिमेंटनं पक्का केला. मी त्याला परत शेंदूर लावला, मॅडमनी काही म्हणलं न्हाई.

तरी माणूस चांगला. म्हणल्या, मी शिफारस करते. दगडाच्या वरच्या अंगाला, घराला चिकटून, लहान शेड, पाया न खणता. पण आधी खालच्या बाजूनं दगडी भिंत बांधा, नाहीतर सामान उतारावर राहणार नाही. आणि फाईल जालन्याहून परत येईपर्यंत एक पत्रा सुद्धा लावायचा नाही.

संध्याकाळी टीव्हीवर आचारसंहिता लागली. अण्णासाहेबांचा फोन, आता जूनपर्यंत फाईल हलत न्हाई. मी विचारलं, इलेक्शनचा माझ्या डेगीशी काय संबंध? ते म्हणले, संबंध नसतो, पण असतो.

जून. पोरगी तवर रांगायला लागेल. परतूरच्या फरशीवर.

९ एप्रिल, पाडवा
नारळ आणल्ता. तसाच देव्हाऱ्यात ठेवला.

गुढी उभारली, घरात आले, पाळण्याला हात लागला, झारे वाजले. ह्यांनी वर बघितलं. मी म्हणलं, काय बघता. ते बाहेर गेले.

हरिओमला म्हणलं, जा, घेऊन ये दोघींना, सणाचा दिवस आहे. तो म्हणला, माय, मी बोलतो तिच्याशी, तू नको फोन करू आज. मी न्हाई केला. दुपारी एकदा केला तेवढा. पोरीला कडुलिंब चाटवला का विचारायला. न्हाई म्हणली. मंग बोलावं लागलं.

लोक बोलायला लागलेत की झुंबरबाईची सून येत न्हाई. कुणी पसरवलं? मी फक्त बेबीनंदाला सांगितलं, बचत गटात सांगितलं आणि कुंभार पिंपळगावच्या बाजारात बांगड्यावालीला. बाकी कुणाला न्हाई.

१८ एप्रिल
झोप न्हाई. कुशीवर वळलं की पायाला परात लागती. पोरगी मला ओळखायची न्हाई. मागच्या बारीला कॉलवर मला बघून रडली. मोनाली म्हणली, झोप आली तिला. झोप आलेलं लेकरू असं रडत न्हाई, मला माहीत आहे, मी एक वाढवलंय.

बारशाला एकदा मांडीवर घेतल्ती. नाव श्रद्धा ठेवलं, मला विचारलं न्हाई. मी वंदना म्हणत व्हते, माझ्या मायचं नाव. मांडवात तसं म्हणून दाखवलं. दोन-तीनदाच.

एक शेड. एका शेडानं सगळं सुटतं, आणि शेड जालन्यात अडकलं.

निश्चय : थांबायचं न्हाई. खास बाब म्हणजे काय, तर जे दुसऱ्याला चालत न्हाई ते आपल्याला चालतं. मंग परवानगी कशाला पाहिजे?

२२ एप्रिल
कुंभार पिंपळगावहून वेल्डिंगवाला राधेश्याम आणला. त्यानं उतार बघितला, पान थुंकलं, म्हणला, मावशी, आधी खालून भिंत घाला. मी म्हणलं, भिंत मागाहून. म्हणला, फरशीला लेव्हल न्हाई. मी म्हणलं, भांड्याला कशाला लेव्हल, ती काय पाण्याचा ग्लास आहे? त्यानं हरिओमकडं बघितलं. हरिओमनं आभाळाकडं.

हे एवढंच बोलले, "डेगीचं बूड गोल असतं." मी म्हणलं, तीस वर्षं मी भांडी घासून राह्यले, मला बूड सांगू नका.

२६ एप्रिल
शेड उभं. निळा पत्रा. लांबून काय दिसतंय. बेबीनंदाला पलीकडून सुद्धा दिसलं, ती म्हणली, मिशी लावल्यासारखं दिसतंय उताराला. जळती.

३० एप्रिल
सगळी भांडी आणि गाद्या शेडात. घरातून शेडापर्यंत हरिओम, मी आणि राधेश्याम. उताराच्या वरच्या अंगाला डेगी, त्यांच्याखाली कढया, खाली पराती. डेगी सरकून राह्यल्या व्हत्या, म्हणून पहिल्या डेगीला एक वीट लावली. एका विटेनं सगळी रांग थांबली. भिंत बांधा म्हणत व्हते. एक वीट.

घर केवढं दिसतंय. बोललं की आवाज घुमतो.

पाळणा रिकामा केला, घासला, जुन्या लुगड्याचं मऊ धडपं टाकलं. मोनालीला घर दाखवायला कॉल केला. सगळ्या खोल्या फिरवून दाखवल्या. म्हणलं, आता ये. कधी येती? तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मंग म्हणली, बघते. रेंज व्हती ह्या बारीला, तरी तेवढंच बोलली.

लाजली असंल.

१० मे, अक्षय तृतीया
लिहून टाकते.

लग्नाची ऑर्डर व्हती, मोठी डेग पाहिजे व्हती. टेम्पो दारात. हरिओम गाद्या चढवून राह्यला व्हता, म्हणला, माय थांब, मी येतो, मंग काढू. मी कुणासाठी थांबत न्हाई. वीट काढली.

पहिली डेग हळूच वळली, जशी काही विचारून राह्यली की जाऊ का. मी तिला धरायच्या आत गेली. तिच्या मागं दुसरी. मंग कढया. मंग परातींनी कड धरली आणि चाकासारख्या निघाल्या, शेडाचा खालचा पत्रा घेऊनच. असा आवाज मी जल्मात ऐकला न्हाई, आणि माझ्या घरात बरेच आवाज झालेत. खाली मॅच चालू व्हती. पोरं बॅट टाकून पळाली, एकजण आउट व्हता तो तेवढा खूष.

मोठी डेग उताराच्या मधोमध म्हसोबावर आदळली आणि थांबली. बाकी सगळी हद्द ओलांडून तलावात. डबक्याच्या कडंला गाळात रुतून बसली, ओळीनं, पंगतीला बसल्यासारखी. वाढायला कोणी न्हाई.

मी दारात बसले. कुणालाच काही बोलले न्हाई. खरंच न्हाई.

गावातली माणसं आली. पोरांनी पराती डोक्यावर घेऊन वर आणल्या. बेबीनंदा गुडघाभर गाळात उतरली, तीन कढया काढल्या, धुतल्या बी. चेष्टा केली न्हाई. तिनं चेष्टा केली असती तर बरं वाटलं असतं. डेगीला पोचे पडलेत, कढयांचे कान गेलेत. लग्नवाल्यांनी दुसरीकडून भांडी नेली. आपली सगळी, गाद्यांसकट, तिच्या गोठ्यात ठेवलीत, ती म्हणली राहू दे.

हे उतारावर जाऊन मोठ्या डेगीजवळ उभे राह्यले. काही म्हणले न्हाईत. म्हणता आलं असतं.

११ मे
चिन्मयी मॅडम येऊन गेल्या. वाटलं, दंड लावतेत. त्यांनी उतार बघितला, उरलेलं शेड बघितलं, मला बघितलं. म्हणल्या, शिफारस मागं घ्यावी लागेल, शेड काढून टाका, नोटीस पाठवायला लावू नका. जाताना चहा घेतला. माझ्यापुढं कप सरकवला, ताई तुम्ही पण घ्या.

खास बाब संपली.

पण घर रिकामं आहे. ते तर झालं. भांडी गेली कशी, ते मोनालीला सांगायची गरज न्हाई. गेली ना. मी स्वतः जाऊन आणते दोघींना.

१३ मे, सोमवार
सकाळच्या गाडीनं परतूर. टोपडं विणलंय, ते घेतलं. स्टॅन्डवर उतरून फोन बघितला, रेंज पूर्ण. सगळ्या काड्या. मोनालीच्या दारात बी पूर्ण. आत चुलीपाशी बी.

मोनालीच्या भावाचं सरकी-पेंडीचं दुकान आहे. पोती घरातच. मला आत नेलं. खोली आपल्या देव्हाऱ्याच्या खोलीएवढी, त्यात तीन बाजूंनी छतापर्यंत पेंडीची पोती. मधल्या बोळीत एक गादी, गादीवर माझी नात झोपलेली, मूठ वळून. वास कसला तो. मी बघत राह्यले. एवढ्याशा जागेत दोघी सात-आठ महिने.

मी म्हणलं, मोनाली, तिकडं तर सगळी भांडी काढलीत, तीन खोल्या मोकळ्या आहेत. हरिओम म्हणत व्हता घरात जागा न्हाई.

ती पोरीला थोपटत व्हती. वर बघितलं न्हाई. हळू बोलली, लेकरू उठू नये म्हणून.

"जागा व्हती, आत्याबाई. भांड्यांचं मला कधीच काही नव्हतं. भांडी रात्री तरी गप बसतेत."

मला उत्तर आलं. एक न्हाई, चार-पाच आली. जिभेपर्यंत आली. पण पोरीनं झोपेत ओठ हलवले. मी टोपडं पोत्यावर ठेवलं. तिची आई भाकरी घेऊन आली. कड जाडच व्हती. खाल्ली. काही म्हणलं न्हाई.

निघताना मोनाली दारापर्यंत आली. म्हणली, पुढच्या सोमवारी येते. आठ दिवस राहून बघते. जमलं तर राहते, न्हाई तर हरिओमला इकडंच काम बघू.

गाडीत खिडकीशी बसले. मॅडमचं ते आठवून राह्यलं, अडचण जागेची की मालकाची. बरीच शिकल्या असतील मॅडम.

१४ मे, मंगळवार
निश्चय : बोलायचं न्हाई. सोमवारपर्यंत सराव. सोमवारनंतर तर बिलकुल न्हाई. आठ दिवस काय, मी आठ महिने गप बसू शकते. मनावर घेतलं की मी काय बी करते, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

सकाळी उठले, गप. चहा केला, गप. राधेश्याम शेड काढायला आला, पत्रा उलटा धरला, मी गप. हरिओमनं विचारलं, माय, बरी आहेस ना? मान हलवली. पाळण्याची दोरी तपासली. पोरीसाठी धडपं उन्हात टाकलं.

दुपारी हे जेवता जेवता म्हणले, "आज घर कसं शांत वाटून राह्यलं."

तेवढं बोलले. मंग मला बोलावं लागलं. जास्त न्हाई. आणि हळूच.

थोड्या वेळात बेबीनंदा धापा टाकत आली, काय झालं, कोण पडलं म्हणून. म्हणलं, कुठं काय. ती तिच्या अंगणात शेंगा निवडत बसल्ती, तिथं ऐकू गेलं म्हणे.

तिचं अंगण तलावाच्या पलीकडं आहे.